कोळंबीच्या तळ्यांनी किनारा कसा खारवला? शेततळ्यात मासे सोडण्याआधी हे वाचा

धरणगाव : पाऊस चांगला झाला की तालुक्यातली शेततळी भरतात आणि दरवर्षी पारावर तोच विषय निघतो. तळ्यात मासे सोडले तर? कापसाचा भाव आपल्या हातात नाही, केळीला सीएमव्ही रोगाची धास्ती, मग पाणी उभंच आहे तर त्यातून चार पैसे का काढू नयेत? प्रश्न रास्त आहे. सरकारही मत्स्यशेतीला मदत करतं. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे.

मोबाईलवर तर व्हिडिओंचा पूर आहे. कोणी गोड्या पाण्यात झिंगे पिकवून दाखवतो, कोणी चार महिन्यांत तयार होणारा मागूर दाखवतो. खर्च किती, उत्पन्न किती, नफा किती, सगळं सांगतात. एक गोष्ट मात्र बहुतेक जण सांगत नाहीत. माल काढल्यावर तळ्यातलं पाणी कुठे सोडायचं, आणि तळं फुटलं किंवा सांडलं तर त्यातला मासा कुठे जाणार?

हाच प्रश्न तीस-पस्तीस वर्षांपूर्वी देशाच्या समुद्रकिनाऱ्यावर विचारायचा राहून गेला. त्याची किंमत भातशेती करणाऱ्यांनी, कोळ्यांनी आणि विहिरीवरून पाणी भरणाऱ्या बायांनी मोजली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. तिथे काय झालं हे समजून घेतलं तर आपल्या शेततळ्याचं गणित नीट मांडता येईल.

धरणगावचा आणि समुद्राचा संबंध काय?

संबंध तापीचा आहे. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावणारी तापी सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतच्या पुढे डुमसजवळ खंभातच्या आखाताला मिळते. वाटेत आपल्याच जिल्ह्यात पूर्णा आणि गिरणा तिला येऊन मिळतात. धरणगाव तालुक्यातल्या नाल्याओढ्यांचं पाणी शेवटी याच खोऱ्यात जातं.

सुरत आपल्याला परकी नाही. धरणगाव स्टेशनवरून गाडीत बसलं की माणूस सरळ उधना-सुरतला उतरतो. खान्देशातली हजारो कुटुंबं तिकडे कामधंद्याला गेलेली आहेत. त्याच सुरत जिल्ह्यात ओलपाड भागात, किनाऱ्यालगत कोळंबीची मोठमोठी तळी आहेत. आपण ज्याला झिंगे म्हणतो तीच ही कोळंबी, फक्त खाऱ्या पाण्यातली.

आता खरं तेही सांगायला हवं. आपल्याकडून निघालेलं पाणी थेट समुद्रात जात नाही. आधी धुळे जिल्ह्यात सुलवाडे, मग नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजला अडतं, त्यानंतर गुजरातच्या उकाई धरणात साठतं. म्हणजे आपल्या तळ्यातली घाण किंवा परका मासा समुद्रापर्यंत पोचायच्या आधी आपल्याच शेजारच्या जिल्ह्यांच्या पाण्यात मुक्काम करतो. तिथे मासेमारी चालते, शेती होते, गावांचं पिण्याचं पाणीही उचललं जातं.

कोळंबीचं तळं चालतं कसं?

किनाऱ्याजवळ जमीन घ्यायची, बांध घालून एक-दीड मीटर खोल तळं करायचं आणि खाडीचं खारं पाणी पंपाने आत घ्यायचं. हॅचरीतून आणलेलं कोळंबीचं बारीक बी सोडायचं. तीन-चार महिने कारखान्यात तयार झालेलं खाद्य टाकायचं. पाण्यात प्राणवायू राहावा म्हणून एरेटर, म्हणजे पाणी ढवळणारे पंखे, रात्रंदिवस फिरवायचे. माल तयार झाला की पाणी काढून कोळंबी धरायची.

सुरुवातीला आपल्या देशात काळी वाघी कोळंबी पाळली जायची. १९९० च्या सुमारास परदेशात मागणी वाढली आणि आंध्र, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कंपन्या आणि सधन लोक जमिनी घेऊ लागले. २००९ पासून व्हॅनामी या परदेशी जातीला परवानगी मिळाली. ही मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. दाटीने वाढते, म्हणून आज देशातली बहुतेक निर्यात तिचीच आहे.

यातून परकीय चलन आलं, रोजगार मिळाला, हे नाकारता येणार नाही. पण किनाऱ्यावर पाच गोष्टी बिघडल्या.

पहिली गोष्ट : खारफुटी गेली

खाडीच्या चिखलात तिवरांची म्हणजे खारफुटीची झाडं वाढतात. परक्याला ती पडीक झुडपं वाटतात, आणि म्हणूनच तळ्यांसाठी तीच जागा स्वस्त पडली. पण कोळंबी, खेकडे आणि कित्येक जातींच्या माशांची पिल्लं या मुळांच्या जाळ्यातच लहानाची मोठी होतात. आपल्याकडे रोपवाटिका असते तशी ती समुद्राची रोपवाटिका आहे. रोपवाटिका मोडली की पुढच्या हंगामात शेतात लावायला काही उरत नाही, तसं कोळ्याच्या जाळ्यात मासा कमी होतो.

दुसरा उपयोग वादळात कळतो. १९९९ साली ओडिशात महाचक्रीवादळ आलं. केंद्रपाडा जिल्ह्यात ज्या गावांपुढे खारफुटीचा पट्टा शाबूत होता, तिथे माणसं कमी दगावली, असं नंतरच्या अभ्यासात दिसलं.

आपल्या राज्यातही हा विषय न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटी तोडायला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिलं.

दुसरी गोष्ट : विहिरी खारट झाल्या

तळ्यात खारं पाणी महिनोन्‌महिने उभं राहतं. तळ्याला अस्तर नसेल तर ते जमिनीत मुरतं, शेजारच्या भाताच्या शेतात आणि विहिरीत उतरतं. तामिळनाडूच्या नागपट्टिनम भागात हेच झालं. भातशेती गेली, शेतमजुरांची कामं गेली. भाताच्या एक एकरावर जितके हात लागतात, तितके कोळंबीच्या एक एकरावर लागत नाहीत. पिण्याचं पाणी बिघडलं तेव्हा सगळ्यात आधी बाया रस्त्यावर उतरल्या.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. शेतीला चालणाऱ्या चांगल्या पाण्यात लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आतच क्षार असावेत. यावरून शेजारच्या शेताचं काय होत असेल याचा अंदाज येतो.

तिसरी गोष्ट : खाद्याची घाण

आता थोडा हिशोब करू. एक टन कोळंबी तयार करायला साधारण दीड टन खाद्य लागतं असं धरू. या खाद्यात ३५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. प्रथिनं म्हणजे त्यात नत्र आलंच. हिशोब केला तर दीड टन खाद्यात ८० किलोच्या वर नत्र निघतं. त्यातलं ३० किलोच्या आसपास कोळंबीच्या अंगी लागतं. बाकीचं ५० किलोच्या वर नत्र न खाल्लेलं खाद्य आणि विष्ठा या रूपाने पाण्यात आणि तळाच्या गाळात राहतं.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत साधारण २१ किलो नत्र असतं. म्हणजे एक टन कोळंबीमागे अडीच गोण्या युरिया पाण्यात ओतल्यासारखं झालं. एका हेक्टरातून एका वेळी पाच टन माल निघाला, तर बारा-तेरा गोण्या. आणि अशी शेकडो हेक्टर तळी एकाच खाडीवर असतील तर?

पिकात नत्र गेलं तर पीक हिरवं होतं. पाण्यात गेलं तर शेवाळ हिरवं होतं. हे शेवाळ रात्री प्राणवायू खातं, मेल्यावर सडतं, तेव्हा आणखी प्राणवायू जातो. पहाटे तळ्यातले मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना अनेकांनी पाहिले असतील. तो प्राणवायू संपल्याचा इशारा असतो. तळ्यात एरेटर लावता येतो, खाडीत कोण लावणार?

चौथी गोष्ट : रोग आणि औषधं

१९९४-९५ च्या सुमारास पूर्व किनाऱ्यावर कोळंबीला पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू रोग लागला. तळंच्या तळं काही दिवसांत मरू लागली. एकाने रोगट पाणी खाडीत सोडलं, शेजाऱ्याने तेच पाणी पंपाने आत घेतलं. आपल्याकडे गुलाबी बोंडअळीचं झालं तसंच. एकाच्या शेतातल्या पऱ्हाट्या उभ्या राहिल्या की शेजाऱ्याची फवारणी वाया जाते.

रोगाच्या भीतीने लोकांनी प्रतिजैविकं वापरली. क्लोरॅमफेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी औषधं कोळंबीच्या मांसात सापडली आणि युरोपने भारतातला माल नाकारला. आज मत्स्यशेतीत या औषधांना बंदी आहे. नुकसान फक्त निर्यातदाराचं नव्हतं. पाण्यात सतत औषध राहिलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात, आणि तेच औषध उद्या माणसाला लागू पडत नाही.

पाचवी गोष्ट : मासा खाऊन मासा

कोळंबीच्या खाद्यात सोयाबीन असतं तसं माशांचं पीठही असतं. ते समुद्रातल्या मासळीपासून बनतं. तारलीसारखी स्वस्त मासळी आणि जाळ्यात आलेली बारीक पिल्लं पिठाच्या कारखान्यात जातात. म्हणजे तळ्यात मासा वाढवला म्हणून समुद्रावरचा भार कमी झाला, हे दर वेळी खरं नसतं. गरिबाच्या ताटातली स्वस्त मासळी पीठ होऊन महागड्या कोळंबीच्या पोटात जाते.

न्यायालय काय म्हणालं?

तामिळनाडूतले गांधीवादी, भूदान चळवळीतले कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यांच्या पत्नी कृष्णम्मल याही भूमिहीनांसाठी त्यांच्या बरोबरीने लढत होत्या. न्यायालयाने किनाऱ्याची पाहणी करायला सांगितलं ते आपल्या नागपूरच्या नीरी या संस्थेला. नीरीने नफ्यासोबत नुकसानही मोजलं. त्यात आंध्रमध्ये कोळंबीच्या कमाईपेक्षा पर्यावरणाचं आणि लोकांचं नुकसान सुमारे चौपट, तर तामिळनाडूत दीडपट निघालं.

११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. किनारा नियमन क्षेत्रातली कोळंबीची औद्योगिक तळी काढून टाका, शेतजमीन, मिठागरं, खारफुटी, पाणथळ आणि जंगलाची जमीन तळ्यांसाठी वापरू नका, ज्याने घाण केली त्यानेच भरपाई द्यावी, असा त्याचा आशय होता. पारंपरिक पद्धतीने चालणाऱ्या तळ्यांना मात्र न्यायालयाने सूट दिली.

हा फरक महत्त्वाचा आहे. रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागकडे भाताच्या शेताजवळच्या तळ्यात जिताडा पाळायची जुनी रीत आहे. मासे थोडे आणि खाद्य कमी, त्यामुळे तळं, भात आणि खाडी एकमेकांना सांभाळून राहतात. अडचण मासे पाळण्यात नव्हती. एका तळ्यात किती दाटी करायची, तळं कुठे खणायचं आणि घाण कोणाच्या दारात सोडायची, या तीन गोष्टींत होती.

निकालानंतर तळी बंद झाली का? नाही. २००५ साली संसदेने किनारी मत्स्यशेती प्राधिकरण कायदा केला. त्याने नोंदणी सक्तीची केली, भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नव्या तळ्यांना मनाई केली, व्हॅनामीचं बी नोंदणीकृत हॅचरीतूनच घ्यायचं आणि एका चौरस मीटरला ६० पेक्षा जास्त सोडायचं नाही, अशा अटी आल्या. मोठ्या तळ्यांना सांडपाणी आधी वेगळ्या टाकीत निवळवून मगच सोडावं लागतं. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्तीही झाली. धंदा वाढला, पण त्याला नियम लागले. जे नियम पाळतात त्यांचा माल रोगातून वाचतो आणि परदेशातून परतही येत नाही.

नुसतं खाऱ्या पाण्याचं नाही

आपण तर गोड्या पाण्यात रोहू-कटला पाळणार, आपल्याला काय, असं कोणी म्हणेल. त्यासाठी आंध्रमधल्या कोल्लेरू सरोवराचं उदाहरण बघा. कृष्णा आणि गोदावरी यांच्या मधलं हे गोड्या पाण्याचं मोठं सरोवर. पुराचं पाणी पोटात घेणारं, लाखो पक्ष्यांना जागा देणारं. तिथे लोकांनी सरोवराच्या पात्रातच बांध घालून माशांची तळी केली. पाणी साठायची जागा आटली आणि खाद्य-खतांनी पाणी बिघडलं. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २००६ मध्ये सरकारला हे बांध स्फोटकं लावून उडवावे लागले. ज्यांनी कर्ज काढून तळी केली होती त्यांचे पैसे बुडाले.

म्हणजे पाणी गोडं असो की खारं, चुकीच्या जागी केलेलं तळं कधीतरी अंगावर येतंच.

आपल्या तालुक्यात धोका कशाचा?

पहिला धोका थाई मागूरचा. हा मूळचा आफ्रिकेतला मासा. केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये कडक आदेश दिले. तरी ठाणे जिल्ह्यात भिवंडीकडे आणि उजनी धरणाच्या काठाला इंदापूर भागात अशी तळी सापडली आणि मत्स्य विभागाने मासे नष्ट केले.

बंदी का, तर हा मासा दिसेल ते खातो. लहान मासे, अंडी, बेडूक, सडकं मांस, काहीही. घाण पाण्यात जगतो, हवेतून श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. वाढला तर मीटरभर लांब होतो. अनेक ठिकाणी त्याला कत्तलखान्याचा टाकाऊ माल घालतात. त्याने तळंही नासतं आणि आजूबाजूची विहीरही.

आता आपल्या गिरणेचा आणि तापीचा उन्हाळा आठवा. धार तुटते आणि ठिकठिकाणी डोह उरतात. मरळ, वाम, शिंगाडा, झिंगे असे नदीतले मासे त्या डोहांत दोन-तीन महिने तग धरतात आणि पाऊस पडला की पुन्हा नदीभर पसरतात. अशा एखाद्या डोहात थाई मागूर शिरला तर पुढच्या पावसात पसरायला उरेल कोण? भोई, कोळी आणि भिल्ल समाजातल्या ज्या कुटुंबांचं पोट या डोहांवर आहे, त्यांना ना शेततळं आहे ना अनुदान. नुकसान त्यांचं आणि चूक दुसऱ्याची, असा हा प्रकार होतो.

बरं, नदीला इतर दुखणी नाहीत असं नाही. वाळूउपसा आहे, शहरांचं सांडपाणी आहे. पण वाळूउपसा उद्या थांबला तर डोह पुन्हा भरू शकतो. एकदा नदीत रुजलेला परका मासा मात्र कोणालाच काढता येत नाही.

चिलापीचं, म्हणजे टिलापियाचं, तसंच झालं. १९५२ साली ती भारतात आणली गेली. काही महिन्यांची झाली की अंडी घालते, पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून झपाट्याने वाढते. आज राज्यातल्या कित्येक धरणांत तीच जास्त सापडते. सुधारित टिलापिया पाळायला आता परवानगी मिळते, पण ती अटींवर आणि परवाना घेऊनच.

दुसरा धोका गोड्या पाण्यात मीठ टाकून व्हॅनामी पिकवण्याचा. कमी खाऱ्या पाण्यात ती जगते हे खरं. हरियाणा-पंजाबात जिथे जमीन आणि भूजल आधीच खारवलेलं आहे, तिथे हा प्रयोग चालतो. पण आपल्या काळ्या जमिनीत? शेततळ्यात २० लाख लिटर पाणी आहे आणि लिटरला फक्त ५ ग्रॅम मीठ टाकलं, तरी एकूण १० टन मीठ होतं. माल काढल्यावर ते पाणी पिकाला देता येत नाही आणि नाल्यात सोडलं तर खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत जातं. काळ्या जमिनीत सोडियम साठला की ती चोपण होते. पावसात चिकट, उन्हात दगड. ती सुधारायला जिप्सम आणि कित्येक वर्षं लागतात. फाटक्या प्लास्टिकच्या अस्तरातून तर हे पाणी कोणाला न दिसता मुरतं.

मग मासे सोडावेत की नाही?

सोडावेत. शेततळ्यात मासे पाळणं हा चांगला जोडधंदा आहे. किनाऱ्यावरच्या लोकांकडे नसलेली एक सोय आपल्याकडे आहे. त्यांचं पाणी खारं, म्हणून घाणीसकट सोडून देण्याशिवाय गत नाही. आपलं पाणी गोडं आहे. माशाच्या विष्ठेचं आणि खाद्याचं जे नत्र नदीत विष ठरतं, तेच कापसाला, केळीला, मक्याला खत ठरतं. नाल्यात सोडलेलं पाणी म्हणजे फेकून दिलेला युरिया.

म्हणून एवढं पाळलं तर तळं आणि नदी दोन्ही राहतील :

– रोहू, कटला, मृगळ अशा मान्य जातींचीच बोटुकली घ्या. सरकारी किंवा नोंदणीकृत केंद्रातूनच घ्या आणि बिल मागा. बिल द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून "देशी मागूर" किंवा "हायब्रीड मागूर" या नावाने काहीही घेऊ नका. बोटुकली असताना देशी आणि थाई मागूर ओळखणं साध्या माणसाला जमत नाही.

– तळं नाल्याच्या पात्रात, गावतळ्यात किंवा पाणी साठणाऱ्या सखल जागेत करू नका. पुराची वाट अडवली तर पहिला पूर तुमचंच तळं नेतो.

– सांडव्याला आणि पाणी बाहेर जाण्याच्या पाइपाला बारीक जाळी बसवा. पावसाळ्याआधी तळं काठोकाठ भरलेलं ठेवू नका. एका रात्रीत जोराचा पाऊस आला तर मासे पाण्याबरोबर निघून जातात.

– दाटी करू नका. जास्त बोटुकली म्हणजे जास्त खाद्य, जास्त रोग आणि पहाटे मेलेले मासे. खाद्य एकदम ओतू नका. ट्रेमध्ये ठेवून किती उरतं ते बघा आणि तेवढं कमी करा.

– तळ्याचं पाणी पिकाला द्या. ठिबकने द्यायचं असेल तर आधी वाळूचा फिल्टर लावा, नाहीतर शेवाळाने लॅटरल बुजतात. तळातला गाळ उन्हाळ्यात काढून शेतात पसरवा.

– मासे मरायला लागले तर पाणी नाल्यात सोडू नका आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून प्रतिजैविक टाकू नका. मेलेले मासे चुना टाकून खड्ड्यात पुरा, विहिरीपासून लांब.

– तळ्यात मीठ टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्याला एकच विचारा : माल काढल्यावर हे पाणी कोणाच्या शेतात सोडू?

परवाना, अनुदान आणि मत्स्यबीज याची माहिती जळगावच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात मिळते. गावात कोणी थाई मागूर पाळत असेल तर तक्रारही तिथेच करता येते. ग्रामसभेत हा विषय घेऊन गावाने ठराव केला तर आणखी बरं. एका शेतकऱ्याने नाही म्हटलं तर विकणारा पुढच्या बांधावर जातो, पण गावानेच नाही म्हटलं तर त्याला गावाबाहेरच जावं लागतं.

किनाऱ्यावरच्या लोकांना हा हिशोब न्यायालयाने करून दिला, तोही विहिरी खारट झाल्यानंतर. आपल्या विहिरी अजून गोड्या आहेत आणि डोहांत अजून मरळ आहे. तेव्हा यंदा तळ्यात पहिली बोटुकली सोडण्याआधी खर्चाच्या वहीत एक ओळ जास्त लिहा : शेवटचं पाणी कुठे जाणार. ती ओळ भरता आली तर खुशाल मासे सोडा.